आईच्या घशातला गोळा, इग्नेशिया आणि बीपीची गोळी

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५८. डिसेंबरात वडील हार्ट अटॅकने अचानक गेले. आई सोलापुरात, कुंभारीच्या विडी घरकुलात धाकट्या मुलाकडे असते. विचारणारी मुलगी पुण्यात. आईने आयुष्यभर विड्या वळल्या, आता काम सोडलंय. तेरावा झाल्यापासून घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो, सारखे उसासे, छातीत दडपण, हाताला मुंग्या, केस मूठ-मूठ गळतायत, जेवण तुटलंय. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा बघून ‘काही नाही’ म्हटलं. शेजारच्या काकूंनी इग्नेशिया २०० या होमिओपॅथीच्या औषधाची बाटली आणून दिली आणि ‘हे चालू असेपर्यंत बीपीची गोळी बंद ठेव’ असं सांगितलं. हे बरोबर आहे का? आणि आईला पुण्याला घेऊन यावं का?

ताई, आधी बीपीचं बोलू. गोळी बंद करायची नाही. काकूंनी आस्थेने सांगितलं असेल, पण होमिओपॅथीच्या गोळ्या चालू असताना बीपीची, शुगरची किंवा थायरॉइडची गोळी थांबवावी लागते असं काहीही नाही. मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची डॉक्टर आहे, सोलापुरातच इतकी वर्षं दवाखाना चालवते, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक बायका बीपी-शुगरच्या गोळ्या घेतच असतात. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘लोल’ येतं त्या, एकदम सोडल्या तर नाडी आणि बीपी उसळी मारतात. पाकिटावरचं नाव आजच भावाकडून मागवून घ्या. आणि आईने गोळी आधीच बंद केली असेल तर उद्या सकाळी बीपी मोजून ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन करा. मनाने दुप्पट डोस घ्यायचा नाही.

दुसरं, छातीतलं दडपण तुम्ही उसासे आणि मुंग्यांच्या मधे टाकून दिलंय. मी ते बाहेर काढून पहिल्या नंबरवर ठेवते. घसा दुर्बिणीने बघितला, पण ईसीजी काढला का? प्रश्नात तसं कुठे दिसलं नाही. आपल्याकडे दुःखातल्या बाईच्या छातीत दुखलं की दोनच निदानं होतात, ‘टेन्शन’ नाहीतर ‘गॅस’. तिच्या नवऱ्यालाही शेवटी गॅसच झाला होता, असं मी किती घरांतून ऐकलंय.

दुःखाचा हृदयावर होणारा परिणाम हा कवितेतला विषय नाही, तो मोजलेला आहे. १९६९ मध्ये ब्रिटनमधल्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; बायको गेल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघालं आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी कळल्यापासून पहिल्या २४ तासांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट होतो आणि मग दिवसागणिक उतरत जातो. शिवाय १९९० साली जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेला ‘टाकोत्सुबो’ नावाचा विकार आहे. जबर धक्क्यानंतर हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक काही काळ आकुंचनच पावत नाही, फुगून राहतं. लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची, रोहिण्या मात्र मोकळ्या. हा बहुतेक करून पाळी गेलेल्या बायकांनाच होतो आणि बहुतेकजणी काही आठवड्यांत सावरतात. पण हार्ट अटॅक की टाकोत्सुबो, हे ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढणारं प्रथिन), इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि अँजिओग्राफीशिवाय कुणी सांगू शकत नाही. नाडी बघून नाही, जीभ बघून नाही, आणि तासभर सविस्तर मुलाखत घेऊन मीही नाही.

तुमच्या वडिलांना जाऊन पाच महिने झालेत, म्हणजे पहिल्या दिवसांतला तो सर्वांत मोठा धोका सरलाय, पण ते सहा महिने अजून पुरे झालेले नाहीत. शिवाय ५८ वर्षांची, बीपी असलेली बाई छातीत दडपण सांगते तेव्हा ईसीजी आणि इको करून घ्यायचाच. चालताना किंवा जिना चढताना दडपण वाढत असेल, जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात जात असेल, दरदरून घाम येत असेल, धाप लागत असेल, चक्कर येऊन पडली असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा. घरात जिभेखाली ठेवायला इग्नेशिया असली तरी.

आणखी एक गोष्ट असते. गेलेल्या माणसाला जे झालं, तेच मागे राहिलेल्याला जाणवू लागतं. नवरा छातीच्या दुखण्याने गेला की बायकोच्या छातीत, सासूला पक्षाघात झाला होता तर तिचं सगळं करणाऱ्या सुनेच्या त्याच बाजूच्या हाताला. मानसोपचाराच्या लोकांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. नाटक नाही हे, बाईला खरंच दुखतं. पण हा निष्कर्ष ईसीजीनंतर काढायचा असतो. रिपोर्ट चांगला आला की तो आईच्या हातात द्या आणि तिला समजेल अशा शब्दांत डॉक्टरांकडून सांगवून घ्या: ‘त्यांना झालं ते तुम्हाला झालेलं नाही.’ एवढ्यावर दडपण निम्मं झालेल्या बायका मी बघितल्यात.

आता घशाकडे वळू, कारण इग्नेशियाची सगळी ख्याती इथूनच आहे.

घशातला गोळा दोन प्रकारचा असतो. एक, जो रिकामा आवंढा गिळताना जाणवतो आणि भाकरीचा घास गिळताना नाहीसा होतो. दुसरा, जो घासाबरोबरच अडतो. आधी भाकरी अडते, मग भात, मग पाणी. पहिला बहुधा घशाच्या स्नायूंच्या ताणाचा, कधी पित्ताचा. दुसऱ्याला अन्ननलिकेची तपासणी लागते आणि त्यात उशीर चालत नाही. आईला एवढंच विचारा, ‘जेवताना गोळा जातो की वाढतो?’ त्यासोबत वजन उतरलंय का, आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, मानेत गाठ लागते का, हेही विचारा. विड्या वळणाऱ्या बाईला आणखी एक प्रश्न असतोच, मिश्री लावता का? उत्तर ‘हो’ असेल तर तोंड आणि घसा दर वर्षी दाखवायचा, दुःख असो-नसो.

गंमत अशी की हा फरक आमच्या जुन्या मटेरिया मेडिकात, म्हणजे औषधांच्या वर्णनांच्या पुस्तकात, स्पष्ट लिहिलाय. इग्नेशियाच्या वर्णनात घशातला गोळा रिकामं गिळताना त्रास देतो आणि घट्ट अन्न गिळताना बरा वाटतो. तिथेच मोठमोठे उसासे, पोटात खड्डा पडल्यासारखं रितेपण, क्षणात हसू क्षणात रडू, हेही आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे बारकाईने टिपलंय. आणि ते खरं आहे हे होमिओपॅथीशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांनीही दाखवून दिलं. १९४२ साली बॉस्टनमध्ये एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं मेली. एरिक लिंडेमान नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्यातून वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातेवाइकांना तपासून १९४४ मध्ये जे लिहिलं, त्यात घसा आवळणं, उसासे, पोटातलं रितेपण, अंगातली ताकद गेल्याची भावना हीच यादी आहे. आणि हा सगळा त्रास लाटेसारखा येतो, विशेषतः कुणी भेटायला आलं की किंवा गेलेल्याचं नाव निघालं की, हेही त्याने नोंदवलंय. तुमच्या आईला हे वाचून दाखवलंत तर ती म्हणेल, याला कुणी सांगितलं माझं?

पण इथे माझ्या व्यवसायातली माणसं आणि मी यांची वाट थोडी वेगळी होते. वर्णन अचूक आहे म्हणून औषध लागू पडतं, असं सिद्ध होत नाही. इग्नेशियाची बी फिलिपिन्समधल्या एका वेलीची, आपल्या काजऱ्याच्याच कुळातली, आणि तिच्यात स्ट्रिक्नीन हे विष असतं. २०० शक्ती म्हणजे तिचा अर्क एकास शंभर या प्रमाणात दोनशे वेळा विरळ केलेला. रसायनशास्त्राच्या हिशोबाने बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एकही रेणू शिल्लक राहण्याची खात्री उरत नाही. म्हणजे त्या बाटलीत विष नाही, ही चांगली बातमी. बीचं दुसरंही काही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याच आजारात नाही, असा निष्कर्ष काढला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये ही औषधं लिहून देऊ नका असं सांगितलं. आपल्याकडे १९७३ च्या आणि आता २०२० च्या कायद्याने या पद्धतीला मान्यता आहे, कॉलेजं आहेत, परीक्षा आहेत. पण कायद्याची मान्यता वेगळी आणि औषधाचा पुरावा वेगळा. पेशंटला हे दोन्ही ठाऊक असावं.

मग मी वीस मिनिटांत उठवता येईल त्या पेशंटला तासभर का बसवते? याचं उत्तर मला २०११ च्या एका ब्रिटिश अभ्यासात मिळालं. संधिवाताच्या रुग्णांचे गट पाडले. काहींना होमिओपॅथीची सविस्तर मुलाखत आणि खरी गोळी, काहींना मुलाखत आणि साधी साखरेची गोळी, काहींना नुसती गोळी. ज्यांची मुलाखत झाली त्यांना बरं वाटलं. गोळी कुठली होती, याने फरक पडला नाही. आमच्यातल्या पुष्कळांना हा निकाल अपमानासारखा वाटतो. मला तो दिलासा वाटला. सोलापुरात आज एखाद्या विधवेला कुणी तासभर न टोकता ऐकतं, अशी दुसरी जागा मला दाखवा. ओपीडीत नंबर पुढे सरकत असतो, घरात सून स्वयंपाकात असते, आणि देवळात लोक ‘आता देवाचं नाव घ्या’ म्हणून विषय बंद करतात.

म्हणून तुमच्या आईला इग्नेशिया द्यायची का, याचं माझं उत्तर असं: ईसीजी-इको झाला असेल, बीपीची गोळी चालू असेल आणि तिचा त्यावर विश्वास असेल तर चार गोळ्यांनी नुकसान नाही. मीसुद्धा देते. पण ‘याने दुःख जाईल’ असं सांगून देत नाही, आणि त्या बाटलीमुळे एकही तपासणी पुढे ढकलू देत नाही. काकूंनी दिलेल्या बाटलीवर औषधाचं नाव, शक्ती, कंपनी, तारीख असेल तर ठीक. नुसत्या चिकटपट्टीवर ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहिलेली असेल तर कचऱ्यात टाका.

पुस्तकातली बाकीची औषधं मी तुम्हाला घ्यायला म्हणून सांगत नाही. पण त्यांची वर्णनं आईकडे बघायला कामी येतील, म्हणून सांगते.

नॅट्रम म्यूर, म्हणजे आपलं खायचं मीठ. या वर्णनातली बाई चारचौघांत रडत नाही. कुणी पाठीवरून हात फिरवला की चिडते. रात्री दार लावून एकटी रडते आणि सकाळी डोकं धरून बसते. मीठ जास्त खाते. अशा बाईला ‘रडून मोकळी हो’ म्हणणारे पाहुणे म्हणजे शिक्षा. तिच्याजवळ नुसतं बसावं, शेंगा सोलाव्यात, बोलू नये. तुमची आई अशी असेल तर तिला रोज व्हिडिओ कॉलवर ‘कशी आहेस’ विचारू नका. ‘आमटीला फोडणी कशाची देऊ’ विचारा.

फॉस्फोरिक ॲसिडच्या वर्णनात माणूस रडतही नाही, चिडतही नाही. विझलेला असतो. विचारलेल्याला उशिराने एका शब्दात उत्तर, थकवा, केस गळणं. हे चित्र दिसलं की मी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि शुगर बघते, कारण ॲनिमिया आणि थायरॉइड अगदी असेच दिसतात. आणि तीही नॉर्मल आली तर नैराश्याचा विचार करते.

स्टॅफिसॅग्रिया ही गिळलेल्या रागाची. दवाखान्यात कुणी नीट बोललं नाही, दिराने दहाव्यालाच घराचा विषय काढला, मंगळसूत्र काढायला कुणी घाई केली. बाई तेव्हा काहीच बोलली नाही आणि आता पोटात कळा येतात, हात थरथरतात. दुःखाची केस म्हणून येते आणि निम्मा भाग अपमानाचा निघतो. याचं औषध बाटलीत नसतं, याला घरात कुणीतरी ‘तेव्हा चुकलं’ असं म्हणावं लागतं. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. हे घरातल्या थोरांना वाचून दाखवा. पुढच्या संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, हळदीकुंकवाची बोलावणी तुमच्या दारावरून पुढे जाणार असतील तर त्या आठवड्यात आईचं बीपी आणि छाती दोन्ही बोलणार, हे आत्ताच लिहून ठेवा.

ऑरम, म्हणजे सोनं. आमच्या पुस्तकांत हे जगणं नको झालेल्या माणसाचं औषध. इथे मी पुस्तक बंद करते. आईला सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने विचार डोक्यात येतो, ही भीती खोटी आहे. ‘त्यांनी मला पण न्यायला हवं होतं’ असं बहुतेक बायका म्हणतात आणि ते दुःखाचं बोलणं असतं. पण कसं करायचं हे ठरवलेलं असेल, गोळ्या साठवल्या असतील, दागिने-कागदपत्रं वाटायला सुरुवात केली असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि वडिलांच्या उरलेल्या गोळ्या आजच भावाला घरातून काढायला सांगा. पुष्कळ घरांत त्या देवघराशेजारी डब्यात तशाच असतात. काही बायका ‘त्यांना छातीत दुखलं की ही द्यायचे’ म्हणून त्यातलीच एक स्वतः घेतात.

मुंग्यांबद्दल. दोन्ही हातांना आणि ओठांभोवती एकदमच मुंग्या येतात, सोबत धडधड आणि धाप, आणि पंधरा-वीस मिनिटांत ओसरतात, असं असेल तर ते उसाशांचं काम. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्याने मुंग्या येतात. अशा वेळी नाकाने चार आकडे होईपर्यंत श्वास घ्यायचा आणि सहा होईपर्यंत सोडायचा. सोडणं लांब हवं. पण तुमची आई विडी कामगार. सुपावर वाकून वर्षानुवर्षं बोटं चालवलेली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर ती मनगटातली दबलेली नस आहे, वडील असते तरी झालीच असती. मान वाकवल्यावर हातात चमक जात असेल तर मानेचे मणके. पायांनाही मुंग्या असतील तर शुगर आणि बी-१२. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होणं नेहमीचं. दुःख आलं की जुनी दुखणी संपावर जात नाहीत.

केसांचं सोपं आहे. मोठ्या धक्क्यानंतर पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. डिसेंबरात धक्का, मार्चच्या सुमारास गळती, हिशोब जुळतोय. मुळं शाबूत असतात, साधारण सहा महिन्यांत गळती थांबते. टक्कल पडणार नाही. लोह आणि थायरॉइड तपासून घ्या, महागडं तेल घेऊ नका.

जेवणाबद्दल मात्र मला काळजी आहे, कारण आत्ता मे महिना आहे आणि सोलापूर आहे. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, घरकुलातलं छत तापलेलं. न शिजवता खाता येतं म्हणून दुःखातली बाई कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चहा यावर महिने काढते. त्यात बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, जेवण कमी, घाम भरपूर, तर शरीरातलं सोडियम उतरतं. साठीच्या आसपासच्या बायकांत हे पटकन होतं. चक्कर, मळमळ, गळाठा, विसराळूपणा. घरचे म्हणतात, ‘दुःखाने भ्रमिष्ट झाली.’ रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासायला फार खर्च येत नाही, या आठवड्यात करून घ्या. आणि तिचं वजन करा. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे साठ किलोची बाई सत्तावन्नच्या खाली आली असेल, तर ते दुःखाच्या खात्यावर टाकण्याआधी डॉक्टरांना सांगायचं.

खाण्याचा उपाय भूक वाढवणारं सिरप नाही. आई चाळीस वर्षं कुणासाठी तरी रांधत होती. एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, हे सगळ्या विधवांकडून ऐकते. भावाला सांगा, रात्रीचं जेवण तिच्याबरोबरच, टीव्ही बंद करून. ताटात मुगाचं वरण, दही, अंडं चालत असेल तर अंडं. नातवंड असेल तर त्याला भरवायचं काम तिच्याकडे द्या, चार घास तिच्याही पोटात जातात.

यावरून आठवलं, आमच्यातले काही डॉक्टर अजूनही कांदा, लसूण, कॉफी बंद करायला सांगतात. ज्या बाईला घास जात नाही तिच्या ताटातून लसणाची चटणी काढून घेणं मला क्रूर वाटतं. काही सोडू नका. त्याहून घातक समज एक आहे: गोळ्या सुरू केल्यावर त्रास वाढला तर ‘औषध लागू पडतंय, रोग उफाळून बाहेर येतोय’. छातीतलं दडपण वाढलं तर ते काहीही बाहेर येत नाहीये, दवाखान्यात जायचं.

झोपेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारणार. कुणी मेडिकलवाल्याने ओळखीने झोपेची गोळी दिली असेल तर सांगा. त्यातल्या पुष्कळांची काही आठवड्यांत सवय लागते आणि मग रोजच्या वापरानंतर एकदम सोडताही येत नाहीत, हळूहळू कमी कराव्या लागतात. उलट नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ जी औषधं लिहितात ती ‘झोपेची’ किंवा ‘व्यसन लावणारी’ नसतात. त्यांची बदनामी करण्यात आमच्या व्यवसायाचाही हात आहे, हे मान्य करायला हवं.

‘किती दिवस चालणार हे?’ पाच महिन्यांत रडू येणं, भास होणं, त्यांचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, यातलं काहीही आजार नाही. आंतरराष्ट्रीय रोगसूचीने सहा महिने आणि अमेरिकन मनोविकार संघटनेने २०२२ पासून एक वर्ष ही सीमा धरलीय, आणि तीही नुसत्या रडण्याला नाही. त्या मुदतीनंतरही रोजच्या रोज तीच तीव्र ओढ, मृत्यू मान्यच नसणं, घराबाहेर पाऊल न टाकणं, असं असेल तरच ‘लांबलेलं दुःख’ म्हणतात आणि त्यावर बोलण्याचे खास उपचार आहेत. बहुतेक बायका उपचाराविनाच महिन्यागणिक सावरतात. त्या काळात जी गोळी चालू असते तिला श्रेय जातं, मग ती माझी असो की बाबांचा अंगारा.

दवाखान्यात नेताना एक करा. माझ्याकडे न्या किंवा दुसऱ्या कुणाकडे, आईला आत एकटीला बसू द्या. भाऊ शेजारी असला की आई ‘छातीत जरा जळजळतं’ एवढंच सांगते, कारण पोराला ताण नको. तो बाहेर गेला की खरं निघतं. आणि ती ज्या भाषेत रडते त्या भाषेत तिला बोलू द्या. आपल्या गावात हे महत्त्वाचं आहे. कितीतरी घरांत मुलं मराठीत शिकली आणि आईचं मन अजून तेलुगूत किंवा कन्नडात आहे. सोलापुरात दोन्ही समजणारे डॉक्टर किंवा निदान सिस्टर मिळतात, विचारून जा. सोबत वडिलांचे नाही, आईचे कागद: बीपीच्या गोळ्यांचं पाकीट, सगळ्या बाटल्या, आधीचे रिपोर्ट, आणि गेल्या वर्षीचं वजन कुठे लिहिलेलं असेल तर ते.

राहिलं पुण्याला नेण्याचं. कायमचं आत्ता नको. शेजारणी, जुन्या विडी कारखान्यातल्या मैत्रिणी, ओळखीचा दूधवाला, हे तिचे उरलेले आधार आहेत आणि पुण्यात तुम्ही सकाळी नऊला बाहेर पडलात की ती चौथ्या मजल्यावर एकटी. तपासण्या झाल्या, रिपोर्ट हातात आले की हुतात्मा एक्स्प्रेसने पंधरा-वीस दिवसांसाठी न्या, परतीचं तिकीट आधीच काढून तिच्याच पर्समध्ये ठेवा. घर विकणं, खोली भाड्याने देणं, असे निर्णय वर्षश्राद्धापर्यंत कुणी तिच्यापुढे आणू नयेत. भावालाही हे सांगा. आणि गोळ्यांचा डबा नेताना बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या न्या, तिथे गेल्यावर ‘संपल्या होत्या’ असं व्हायला नको.